मुलांच्या जामिनावर



या वर्षीच्या व्याख्यानासाठी ‘धर्मसंस्कार आणि आजची मुले’ असा विषय मला सुचवण्यात आला होता. विषय मोलाचा, पण फार ऐसपैस. सगळ्या धर्मांबद्दल बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी बेने इस्राएल समाजातली, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी. माझे आयुष्य मुलांना शिकवण्यात गेले. तेव्हा मी माझ्या समाजापुरते आणि माझ्या घरापुरते बोलेन. देवाशी केलेला करार रोजच्या जगण्यात पाळताना आनंद होतो. तो आनंद येतो कुठून आणि मुलांपर्यंत पोचतो कसा, एवढाच माझा प्रश्न आहे.

आमच्या धर्माचा पायाच करारावर आहे. एक करार अब्राहामाशी झाला. त्याची खूण म्हणून मुलगा आठ दिवसांचा झाला की त्याची सुंता होते आणि त्याच वेळी त्याला नाव मिळते. दुसरा करार झाला सिनाय पर्वतापाशी, मिसरच्या गुलामीतून सुटून आलेल्या सगळ्या लोकांशी. तिथे तोरा, म्हणजे नियमशास्त्र मिळाले. त्या प्रसंगाविषयी आमच्या जुन्या आचार्यांनी एक कथा सांगून ठेवली आहे. देव लोकांना म्हणतो, तोरा देतो, पण तुम्ही ती सांभाळाल याला जामीन कोण? लोक अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांची नावे पुढे करतात. देव म्हणतो, त्यांच्याकडूनच माझे काही येणे आहे. मग संदेष्ट्यांची नावे निघतात. तीही चालत नाहीत. शेवटी लोक म्हणतात, आमची मुले जामीन. तेव्हा कुठे देव राजी होतो.

व्यवहारात जामीन राहतो तो ऐपतदार माणूस. त्याची जमीन असते, पगार असतो, बाजारात शब्द असतो. इथे ज्यांच्या नावावर काहीच नाही तेच जामीन. या कथेचा मला लागलेला अर्थ असा, की मुलांना शिकवणे हे करार पाळून झाल्यावर उरलेल्या वेळात करायचे काम नव्हे. कराराची सुरुवातच तिथे आहे. मी कितीही काटेकोरपणे शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळला आणि तो माझ्यापाशीच संपला, तर मी निम्माच करार पाळला.

आता ही गोष्ट नुसती ग्रंथातली राहू नये म्हणून तुम्हाला अलिबागजवळच्या नवगावला नेते. आमची परंपरा सांगते, की फार पूर्वी एक गलबत तिथल्या किनाऱ्याजवळ फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि आम्ही त्यांचे वंशज. बुडालेल्यांना नवगावातच पुरले, ती जागा आजही आम्ही मानतो. हे कोणत्या शतकात घडले यावर अभ्यासकांचे एकमत नाही आणि मला त्या वादात आज शिरायचे नाही. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. त्या लोकांजवळ ग्रंथ उरले नाहीत. रब्बी नाही, सिनेगॉग नाही, हिब्रू वाचणारा कोणी नाही. उरले काय? आठव्या दिवशीची सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे काही नियम, थोडे सण आणि उपास, आणि ‘शेमा’ ही देव एक असल्याची ग्वाही देणारी प्रार्थना. बारसे असो, लग्न असो की मरणाची घटका, प्रत्येक वेळी तीच म्हणायची, कारण दुसरी कोणाला येत नव्हती.

हे लोक रायगडच्या गावागावांत पसरले. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर झाले. बोली मराठी, नेसणे मराठी. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. सोमवारी काम बंद ठेवणारे ते ‘सोमवार तेली’. ‘शनिवार तेली’ या नावाकडे मी नेहमी कौतुकाने पाहते. शेजाऱ्यांना आमचा देव, आमचा ग्रंथ, आमचा इतिहास यांतले काही ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच दिसत होते, की या घरचा घाणा शनिवारी फिरत नाही. घाण्याचा बैलसुद्धा त्या दिवशी मोकळा असे, कारण शब्बाथचा विसावा घरातल्या जनावरालाही द्यायचा असतो. तेल्याच्या पोराने हा करार पहिल्यांदा पाहिला असेल तो गोठ्यात निवांत रवंथ करणाऱ्या त्या बैलाकडे पाहून. बापाने त्याला कारण सांगितले असेल की नाही, कोण जाणे. बापालाही पुरते ठाऊक नसेल. पण आठवड्यातून एक दिवस बाप दिवसभर घरी असतो, अंगाला तेलाचा वास नसतो, हाका मारल्या तर ओ देतो, हे त्या पोराला नक्की ठाऊक होते. दुसऱ्या शनिवारची वाट तो कशासाठी पाहत असेल, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पुढे डेव्हिड रहाबी नावाचा यहुदी कोकणात आला. हे लोक खरोखर आपल्यातले आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे नाना तऱ्हेचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले, अशी कथा आहे. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडून घेतले, बाकीचे बाजूला सारले. तोराचा नियम हाच आहे. रहाबीची खात्री पटली. त्याने तीन मुलगे निवडले, त्यांना हिब्रू आणि विधी शिकवले, आणि त्यांच्या घराण्यांकडे पुढे समाजाचे काझीपण आले.

या कथेत रहाबीचे नाव राहिले, मासे निवडणाऱ्या बायकांची नावे राहिली नाहीत. माझ्या मते परीक्षा घेणाऱ्यापेक्षा परीक्षा देणाऱ्या मोठ्या होत्या. कोकणच्या किनाऱ्यावर राहायचे आणि कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मुशी यांना हात लावायचा नाही, हे सोपे नाही. नियम लिहिलेला पाठ्यग्रंथ जवळ नसताना आईने लेकीला मासळीची पाटी चिवडताना बोटाने दाखवले असेल, हा घ्यायचा, हा नाही. लेकीने तिच्या लेकीला. शेकडो वर्षे करार त्या पाटीवरून पुढे सरकत राहिला.

इथे कोणी म्हणेल, यात आनंद कुठला? ही तर ‘नको’ची यादी झाली. आक्षेप खरा आहे आणि त्याला मी मान देते, कारण पुष्कळ घरांत धर्म मुलांपर्यंत ‘नको’ म्हणूनच पोचतो. आपल्याकडे शिकवण्याची सोपी वाट म्हणजे भीती. असे केलेस तर देव रागावेल, तसे केलेस तर पाप लागेल. भीतीने मूल नियम पाळते, पण पाळणाऱ्याची नजर चुकली की सोडतेही. माझी मुलगी तिसरीत असताना मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली. तिथे कोळंबीची खिचडी होती. तिने नुसता केक खाल्ला आणि घरी येऊन मला विचारले, “आई, त्यांना पाप लागतं का?” मी म्हटले, “नाही गं. त्यांनी देवाला तसा शब्द दिलेला नाही. आपण दिलाय.” तिला ते पटकन कळले. शब्द देणे मुलांना फार चांगले कळते. मोठ्यांपेक्षा चांगले कळते. शब्दामुळे आपण कोणाचे तरी होतो, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. दुसऱ्याला कमी न लेखता आपला नियम पाळता येतो, हे तेवढे सांगावे लागते, आणि ते घरातच सांगायला हवे.

शिवाय ‘नको’मधून काय काय उपजले तेही पाहावे. मांस दुधात शिजवायचे नाही, दोन्ही एकत्र वाढायचे नाही, हा आमचा नियम. म्हणून आमच्या बायकांनी मटणाच्या रश्शात नारळाचे दूध घातले आणि तो रस्सा असा काही जमला की आता त्याची बंदीशी असलेली ओळखसुद्धा कोणाला आठवत नाही. नव्या वर्षाच्या सणाला चिकाचा हलवा होतो. गहू भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, तो निवळू द्यायचा आणि मग नारळाच्या दुधात साखर घालून घोटत बसायचे. दुधाचा थेंब नसल्यामुळे तो मांसाच्या जेवणानंतरही चालतो. घोटायला दोन-तीन तास लागतात आणि हात भरून येतात, म्हणून घरातले सगळे पाळीपाळीने कालथा धरतात. मुले तर आधीपासून नंबर लावून ठेवतात.

शुक्रवार संध्याकाळचे सांगते. शब्बाथच्या किद्दुशला, म्हणजे स्वागताच्या प्रार्थनेला, द्राक्षरस लागतो. कोकणात द्राक्षे कुठली? आमच्या लोकांनी काळ्या मनुकांचे सरबत केले, ते आजही होते. सकाळी मनुका निवडून, धुऊन पाण्यात टाकायच्या. दुपारपर्यंत त्या टम्म फुगतात. मग त्या हाताने कुस्करायच्या आणि पातळ फडक्यातून गाळायच्या. कुस्करण्याचे काम आमच्या घरी कायम मुलांकडे असे. बोटे काळपट होतात, बिया निसटतात, थोड्या मनुका तोंडात जातात, कोणी त्यावर रागवत नाही. सूर्य मावळण्याआधी दिवे लागतात. मी दिव्यांवरून हात फिरवून डोळे झाकते आणि बेराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणते. त्यानंतर मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा असतो. आठवडाभर त्यांच्याशी कितीही वाजले असले तरी त्या घटकेला हात ठेवावाच लागतो. तुम्हाला सांगते, रागाने पेटलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला की दोघांचाही राग तसाच राहू शकत नाही. आशीर्वाद मनात येईल तेव्हा द्यावा असे नियमाने म्हटले असते, तर त्या शुक्रवारी मी तो दिला नसता. मन तयार नसतानाही नियम आपल्याला नेऊन उभे करतो आणि मन मागून येते. सिनायपाशी लोकांनी आधी करण्याचे कबूल केले, समजून घेण्याचे नंतर. मला वर्षानुवर्षे ते उलटे वाटायचे. मुले वाढवताना त्याचा अर्थ लागला.

बाराव्या शतकातले आमचे मोठे धर्मशास्त्रकार आणि वैद्य मायमोनिडीज यांनी आज्ञा पाळताना होणारा आनंद हीच मोठी सेवा मानली आहे, आणि जो त्या आनंदापासून स्वतःला दूर ठेवतो त्याला चांगलेच फटकारले आहे. तर्ककठोर माणूस हे म्हणतो, म्हणून त्याचे वजन अधिक. आनंद हे कर्तव्यानंतरचे बक्षीस नाही. कर्तव्यात तो नसेल तर कर्तव्यच अपुरे राहिले.

दुसरा आक्षेप अधिक टोकाचा आहे आणि तो माझ्या एका हुशार विद्यार्थ्याने मला विचारला होता. आठ दिवसांच्या बाळाला विचारतो कोण? ते करारात स्वतःहून आलेले नाही. मग त्याला बांधून घेण्याचा आईबापांना काय हक्क? मी त्याला म्हटले, तुझी मराठीही तुला विचारून दिलेली नाही. तुझ्या आईने ती तुला दिली, आणि आज तू ज्या भाषेत माझ्याशी वाद घालतो आहेस ती हीच. मातृभाषेमुळे कोणी कैदेत पडत नाही. पुढे हव्या त्या भाषा शिकायला तीच कामी येते. आणि आमच्यात तेराव्या वर्षी मुलगा सिनेगॉगमध्ये तेबापाशी, म्हणजे वाचनाच्या चौथऱ्यापाशी, उभा राहून तोरा वाचतो, तिथून पुढे आज्ञा त्याच्या स्वतःच्या. तोवर त्या सांभाळण्याचे काम आईबापांचे. त्याचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही, पण पुढच्या सणाला तो घरी आला.

एकोणिसाव्या शतकात ग्रंथ पुन्हा आमच्या हाती आले, हा भाग थोडक्यात सांगते. त्याच्या थोडे आधी, १७९६ साली, मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी पहिले सिनेगॉग बांधले. टिपूच्या कैदेतून सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन असा नवस त्यांनी केला होता, असे सांगतात. कोचीनच्या यहुद्यांनी आमच्याकडे येऊन शिकवले, आणि हिब्रू व मराठी शिक्षणात मिशनऱ्यांचाही हातभार लागला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. रिबेका रूबेन या विदुषीने १९२२ पासून १९५०पर्यंत ती चालवली. शनिवारी सुटी आणि वर्गात हिब्रूबरोबर मराठी, अशी शाळा त्या काळी आमच्या मुलांना मिळाली.

पण मला त्याहून जास्त सांगावेसे वाटते ते कीर्तनांबद्दल. १८८०च्या सुमाराला आमच्या काही मंडळींनी हरिकीर्तन ऐकले आणि त्यांच्या मनात आले, आपल्या कथा अशा का सांगू नयेत? आणि त्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने रचली. ओवी, साकी, दिंडी यांच्या चालींवर, झांजा आणि पेटीच्या साथीत. हिब्रू न कळणाऱ्या आयाबायांना आणि मांडीवरच्या पोरांना योसेफाची भावांनी केलेली विक्री पहिल्यांदा कळली ती साकीच्या चालीत. करार शिकवायला त्यांनी शेजाऱ्याची रीत उसनी घेतली आणि शेजाऱ्याने ती खुशीने दिली. या महाराष्ट्राचे हे ऋण मी या व्यासपीठावरून आवर्जून मान्य करते. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हाग्गादा छापला गेला, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाच्या, वल्हांडणाच्या, रात्री वाचायचे पुस्तक. त्यातल्या चित्रांत मात्साच्या, म्हणजे बेखमीर, भाकऱ्या करणाऱ्या बायका आपल्याकडच्या आहेत, लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या. मुलाने पुस्तक उघडावे, मिसरमधून सुटकेची गोष्ट वाचावी आणि चित्रात त्याला आपली आजी दिसावी. याहून चांगले पाठ्यपुस्तक मी पाहिलेले नाही.

भारतात एके काळी वीस हजारांच्या आसपास असलेला आमचा समाज १९४८ नंतर इस्राएलला जात राहिला. तिथे लग्नाच्या वेळी आमच्या लोकांच्या यहुदीपणाचे पुरावे मागितले गेले. लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि १९६४ साली बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत असे तिथल्या संसदेने जाहीर केले. मला त्यात कोणावर राग काढायचा नाही. पण ज्यांच्या आज्यांनी मासळीच्या पाटीवर करार सांभाळला त्यांच्याकडे कागद कुठून असणार? आज दिमोना, अशदोद, लोद इथे आमची तिसरी-चौथी पिढी आहे. ती मुले मराठी जेमतेम बोलतात. तरी नवस फेडायचा, घर घ्यायचे, लग्न ठरवायचे म्हटले की एलियाहू हन्नवीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा होतो, भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि वर फळे मांडून.

आता जी भीती मला व्याख्यानानंतर पुष्कळदा बोलून दाखवली जाते तिच्याबद्दल. एवढे करूनही मुलांनी सोडले तर? वल्हांडणाच्या रात्री, सेदेरला, म्हणजे त्या रात्रीच्या विधिवत जेवणाला, आम्ही हाग्गादातून चार मुलांची गोष्ट वाचतो. एक शहाणा, सगळे नियम विचारणारा. एक बंडखोर, हे तुमचे तुम्हाला लखलाभ असे म्हणणारा. एक साधा. आणि एक, ज्याला विचारायचे कसे हेच कळत नाही. बंडखोराला सणसणीत उत्तर मिळते खरे, पण त्याचे ताट उचललेले नाही. तो त्याच पंगतीत बसला आहे. आईबापांनी हे नीट पाहावे. आणि चौथ्याच्या बाबतीत आज्ञा अशी, की त्याने विचारायची वाट पाहू नका, तुम्हीच बोलायला लागा.

त्या रात्री घरातल्या सर्वांत लहान मुलाने चार प्रश्न विचारायचे असतात. आजची रात्र वेगळी का, मात्सा का, कडू भाजी का, अशा धर्तीचे. मूल नसेल तर बायकोने विचारावे, आणि माणूस एकटाच असेल तर त्याने स्वतःलाच विचारावे, असा नियम आहे. ठाण्यात, अलिबागला, पेणला अशी एकटी माणसे आमच्यात आता बरीच आहेत. मुले परदेशी, आणि टेबलावर एकच पेला. म्हणून सिनेगॉगमध्ये सगळ्यांचा मिळून सेदेर करतात. तिथे आजोबा एका घरचे आणि नातवंडे दुसऱ्या घरची असतात. प्रश्न कोणी विचारायचे यावरून मुलांची भांडणे जुंपतात, कारण आठवडाभर सगळ्यांनीच पाठ केलेले असते. गेल्या वर्षी चौघांना एकेक प्रश्न वाटून दिला. पाचवी एक मुलगी उरली, ती रुसली. मग तिने चारही प्रश्न मराठीत विचारले, आणि त्यांची उत्तरे द्यायला ज्यांची मुले परदेशी आहेत असे पाच-सहा आजी-आजोबा एकदम बोलू लागले.